गुरुजींच्या स्क्रीनची लपलप

टीव्ही, मॉनिटर, जे काही काचेमागून उजेड फेकतं ते दुरुस्त करण्याचा धंदा मी वर्ध्यात इतकी वर्षं केला, की रस्त्यात माणसं मला बघून आधी घरचा बिघाड आठवतात आणि मग नमस्कार करतात. या सगळ्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या तोंडून मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य एकच. "काही नाई केलं भाऊ, आपोआप झालं."

समुद्रपूरचा एक जण डब्ब्यासारखा जुना टीव्ही मांडीवर घेऊन बसने आला. म्हणे, आपोआप बंद पडला. मी मागचं झाकण उघडलं तर आत शेवया. साध्या नाहीत, दुधातल्या, वाळून सर्किटला चिकटलेल्या. "हे काय जी?" मी विचारलं. त्याने वाकून पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं आणि म्हणाला, "उंदरानं आनलं असंन." खीर करणारा उंदीर मी तोवर पाहिला नव्हता. पण गिऱ्हाईक म्हणतंय म्हटल्यावर मान हलवली आणि ब्रश घेऊन बसलो.

पवनारच्या एक बाई टीव्ही तापतो म्हणून त्यावर ओला टॉवेल घालत. दोनदा जळला, दोनदा मी दुरुस्त केला. तिसऱ्या वेळी हात जोडून म्हणालो, "ताई, त्याले ताप नाई आला." बाईंना ते पटलं. त्यांनी टॉवेल काढला आणि त्या जागी पाण्याने भरलेला तांब्या ठेवला.

सांगायचं म्हणजे, आमच्या धंद्यात हाताचं काम कमी आणि कानाचं जास्त. बिघाड शोधायचा तर पहिला प्रश्न एकच असतो, झालं तेव्हा तुम्ही काय करत होता? त्याचं खरं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं. पण ते मिळत नाही. डॉक्टरला माणूस खरं सांगतो, कारण मरायची भीती असते. टीव्ही मेकॅनिकला कोण भितो? त्यामुळे खोटं बाजूला सारून खरं हुडकायचं आणि गिऱ्हाइकाला ते कळू द्यायचं नाही, ही आमची खरी विद्या. सोल्डरिंग कोणीही शिकतं.

आता आमचंही सांगतो, उगाच गिऱ्हाइकांच्याच चुगल्या नकोत. गिऱ्हाइकाचं जसं 'आपोआप', तसं आमचं 'व्होल्टेज'. फार सोयीचा शब्द. यात गिऱ्हाइकाचा दोष नाही, मेकॅनिकचा नाही, वस्तूचा नाही. तारेतून आलं, तारेतून गेलं, कोणी पाहिलं? आमच्याकडचा कुठलाही मेकॅनिक, काही कळेनासं झालं की मान तिरपी करून म्हणतो, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम दिसते." घरातले सगळे समाधानाने एकमेकांकडे बघतात आणि आतून चहा येतो. मी हे किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. एकदा मात्र माझ्या या शब्दापायी एका माणसाचं उभं पीक वाळायची वेळ आली. त्याचीच गोष्ट सांगायला बसलोय.

गोष्टीतल्या माणसांची नावं बदलली आहेत, गावही बदललंय. गावाला आंजी म्हणू आणि गुरुजींना वानखडे गुरुजी. असले करमणुकीचे अंक गुरुजी घरात येऊ देत नाहीत, म्हणून एवढा धीर केला.

वानखडे गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. नोकरीची शेवटची बारा वर्षं त्यांनी समुद्रपूरच्या बाजूला काढली आणि राहिले आंजीतच. रोज अप-डाउन, आंजी ते वर्धा एक बस, तिथून पुढे दुसरी. निवृत्तीनंतर माणूस जरा टेकतो. गुरुजी टेकले नाहीत. त्यांनी गावात मोबाइलमुक्तीची मोहीम काढली. संध्याकाळी सातला शाळेचा भोंगा वाजायचा आणि दोन तास घरोघरचे मोबाइल बंद. "खेळ मैदानावर, पडद्यावर अफू," हे त्यांचं वाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. एकदा पानठेल्यावर मोबाइलवर गेम खेळणाऱ्या तिघांना त्यांनी भर रस्त्यात उठाबशा काढायला लावल्या. तिघेही मिशीवाले, लेकराबाळांचे बाप, पण गुरुजींचे जुने विद्यार्थी, त्यामुळे काढल्या बिचाऱ्यांनी.

अशा माणसाचा एका हिवाळ्यात मला फोन आला. "भगत, आमच्या संगणकाचा दृश्यपटल अस्थिर झालेला आहे. येऊन जावे."

"म्हणजे लपलप करते का जी?"

"होय, लपलप," गुरुजी नाइलाजाने म्हणाले.

मी साडेचारच्या सुमारास पोचलो. एका फाटकात दोन भाऊ, दोन चुली. थोरले गुरुजी, धाकटा वासुदेव. शेती दोघांची, पण कसायचा वासुदेव. गुरुजींचा मुलगा पुण्याला संगणकाच्या नोकरीत. मध्यंतरी सगळे घरून काम करत होते तेव्हा तो सगळं सामान घेऊन आंजीला आला होता. परत जाताना नवं घ्यायचं म्हणून जुनं इथेच ठेवून गेला. मॉनिटर जुना म्हणण्यासारखा नव्हता. चांगला रुंद, थोडा वाकलेला, मागे लाल दिवे. खास गेम खेळणाऱ्यांसाठी काढलेला. दिवे बघून लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटतं म्हणून गुरुजींनी त्यावर काळी पट्टी चिकटवली होती. गुरुजींच्या बायकोने, शांताकाकूंनी, त्याला झालरीचं कव्हर शिवलं होतं. खोक्यावर तलवार घेतलेला राक्षस होता आणि खोक्यात कांदे.

"मी वाचन-लेखनासाठी वापरतो," मी काही विचारायच्या आतच गुरुजी म्हणाले.

इथे माझं चुकलं. झालं तेव्हा काय करत होता, हा प्रश्न मी शेवयावाल्याला विचारला, टॉवेलवाल्या बाईंना विचारला, एका तहसीलदाराला विचारला. गुरुजींना नाही विचारला. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, तरी समोर उभा राहिल्यावर हात आपोआप मागे जात होते. त्यांनी वाचन-लेखन म्हटलं आणि मी ते खरं धरलं.

मॉनिटर लावून पाहिला. पेपर वाचून झाला, पत्र उघडून झालं, भजनाचा व्हिडिओ लावून झाला. एकदाही लपलप नाही. मेकॅनिक दिसला की बिघाड दडून बसतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. गुरुजींनी मात्र पुरावा ठेवला होता. एका वहीत तारीखवार नोंदी, मोत्यासारखं अक्षर. लपलप सुरू अमुक वाजता, बंद अमुक वाजता. सगळ्या नोंदी अकरा ते चारमधल्या.

"ही वासुदेवाच्या मोटारीची वेळ आहे," गुरुजी म्हणाले. "शेतीची लाइन अकराला येते, चारला जाते. मोटार सुरू की लपलप सुरू. एरवी पडदा शांत. आमचं घर आणि त्याची विहीर एकाच डीपीवर. तुझं मत काय?"

डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. लाइन तर जाऊन चुकली होती, म्हणजे मोटार चालू करून पाहणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं. पण दुकानात तीन टीव्ही वाट पाहत होते. माझी मान तिरपी झाली.

"व्होल्टेजचा प्रॉब्लेम दिसते."

"म्हणजे मोटारीमुळेच."

"असू शकते जी."

आतून चहा यायचा, पण काकू घरी नव्हत्या, वासुदेवबरोबर वावरात गेल्या होत्या. गुरुजींनीच केला. मी निघत होतो तेवढ्यात फाटकापाशी कोणीतरी लोखंडी बादली दणादण वाजवली. काकू परत आल्या होत्या. बादली तिथेच पालथी ठेवून त्या सावकाश आत आल्या. मला वाटलं, कुत्रं हाकललं असेल.

पुढच्या आठवड्यात वासुदेव माझ्या दुकानात आला. डोक्याला रुमाल, हातात एक घडी घातलेला कागद. कागद पुढे केला आणि स्टुलावर बसला. वीज कार्यालयाला गुरुजींनी केलेल्या अर्जाची ती प्रत होती. भाषा अशी की वाचताना पाठ ताठ व्हावी. सारांश एवढाच, की वासुदेव वानखडे यांच्या मोटारीमुळे गावठाणातील उपकरणांची हानी होत असून, "तज्ज्ञ यंत्रज्ञ श्री. भगत यांच्या निदानानुसार" ही बाब सिद्ध झालेली असल्याने, सदर मोटारीची जोडणी या डीपीवरून तत्काळ काढण्यात यावी.

माझ्या नावाआधी तज्ज्ञ हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा छापील पाहिला. आनंद वाटायला हवा होता.

"गुरुवारी साहेब येऊन राह्यले पाहाले," वासुदेव म्हणाला. "काढली त दुसरी डीपी नाल्यापलीकडं हाय. खांब पायजे, तार पायजे, कागदं पायजे. दोन महिने त सहज जातीन. माहा गहू पोटरीत हाय, भाऊ, ओंबी निघाच्या बेतात. दोन पानी बाकी हायत. नाई भेटले त ओंबी भरत नाई."

मी कागदाची घडी परत घातली.

"तुमी म्हनलं का असं?"

"म्हनलं."

"पाहून म्हनलं का?"

एखाद्याने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. "नाई," मी म्हणालो. वासुदेव माठातलं पाणी प्यायला, त्याने ग्लास विसळून ठेवला आणि म्हणाला, "मंग एकडाव पाहून घ्या."

"दादाले तुमी बोलले नाई का?" मी विचारलं.

"दादाले काय बोलाव? दादा खोटं लिहत नाई. लपलप होत असंन." एवढं बोलून तो गेला.

त्याच दिवशी जाऊन मी मॉनिटर दुकानात आणला. व्होल्टेज हवं तसं वरखाली करायचं यंत्र माझ्याकडे आहे. त्यावर मॉनिटर लावला. व्होल्टेज इतकं खाली नेलं की मॉनिटरच्या जागी पंखा असता तर थांबला असता, मग तितकंच वर नेलं. मॉनिटरने हूं की चूं केलं नाही. म्हणजे व्होल्टेज निर्दोष. ज्याच्यावर मी जन्मभर आळ घेतला, तो असा एका दुपारी सुटला.

मग मी ते केलं जे आमच्या धंद्यात कोणी करत नाही. मॉनिटरचं माहितीपुस्तक वाचलं. मोबाइलवर मिळालं, अक्षरं मुंगीएवढी, चष्म्यावर भिंग धरून वाचलं. त्यात एक गोष्ट सापडली, ॲडॅप्टिव्ह सिंक. मॉनिटरचा मेनू उघडून पाहिला तर तीच चालू होती.

सोपं करून सांगतो. पडदा म्हणजे एकामागून एक भराभर बदलणारी चित्रं. साधा मॉनिटर आपल्या ठरलेल्या ठेक्याने चित्र बदलतो, संगणकाचं पुढचं चित्र तयार असो वा नसो. गेमवाला मॉनिटर थांबतो. संगणकाने चित्र दिलं की तो बदलतो. भजनात चांगला ढोलकीवाला गायकाच्या मागे मागे जातो, तसं. गायक दमाचा असेल तर काय बहार येते. पण गायक दमेकरी निघाला, मध्येच धावला, मध्येच अडला, तर ढोलकीवाल्याची फजिती. जुन्या संगणकावर जड गेम लावला की चित्रं कधी भराभर निघतात, कधी रखडतात. मॉनिटरचा ठेका त्यांच्यामागे वरखाली होतो, आणि काही मॉनिटर असे असतात की ठेका बदलला की त्यांचा उजेडही थोडा बदलतो. दृश्य अंधारं असेल तर ते डोळ्यांना जास्त जाणवतं. ती लपलप. पेपर, पत्र, भजन यांना संगणकाला काही जोर लागत नाही, ठेका हलत नाही, म्हणून लपलपही नाही.

याचा अर्थ सरळ होता आणि तो मला नको होता. त्या घरात कोणीतरी गेम खेळत होतं.

मुलगा पुण्याला. काकूंना मोबाइलवर फोन उचलता येतो, ठेवता येत नाही. वासुदेव आणि त्याची बायको वावरात. उरलं कोण, हे मनात आलं की मी ते तिथेच दाबत होतो. सोमवारी मॉनिटर परत नेऊन दिला आणि गुरुजींना म्हणालो, एखाद्या दिवशी मोटार चालू असताना येऊन पाहतो. कोणत्या दिवशी ते सांगितलं नाही.

बुधवारी बाराला गेलो. लाइन आलेली, लांबून मोटारीची घरघर ऐकू येत होती. फाटकाशी ती बादली पालथी पडली होती. ती ओलांडून आत गेलो. दार लोटलेलं. आतून बसचा हॉर्न ऐकू आला, चांगला लांबलचक, वळणावर देतात तसा.

गुरुजी माझ्याकडे पाठ करून बसले होते. टेबलाच्या कडेला स्टिअरिंगचं चाक आवळून बसवलेलं. पडद्यावर रात्र, घाट आणि एक लाल बस. दोन्ही हात चाकावर, मान पुढे. वळण आलं की गुरुजी अख्खेच्या अख्खे तिकडे कलत. "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे," ते प्रवाशांना सांगत होते. आणि पडदा लपलपत होता. घाटातला काळोख कधी राखाडी, कधी काळा.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. गुरुजींना पकडल्याचा नाही, बिघाड दिसल्याचा. इतके दिवस दडलेला चोर समोर नाचत होता.

"दिसली जी लपलप," मी म्हणालो.

गुरुजी वळले नाहीत. हात चाकावरच राहिले. बस कठडा तोडून दरीत गेली, तरी त्यांनी ब्रेक दाबला नाही. मग त्यांनी उठून दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर बसले. आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांना आमच्या भाषेत बोलताना ऐकलं.

"बारा वर्षं डायव्हरच्या मांगच्या सीटवर बसून अप-डाउन केलं, भगत. माहं लक्ष त्याच्या हाताकडं. गिअर कधी टाकते, वळनावर कसा घेते, सारं पाठ. मले एका डोयानं कमी दिसते, लायसन काही भेटलं नाई. पोरगा हे चाक ठेवून गेला, म्हने बाबा, पाहा एकडाव. पाहालं. मंग सुटलंच नाई." ते भिंतीकडे बघत होते. भिंतीवर मोबाइलमुक्तीची तीन सन्मानपत्रं होती. "गावाले कोन्त्या तोंडानं सांगू? त्या तिघायले उठाबशा काढाले लावल्या मी."

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. मी मॉनिटरचा मेनू उघडला, ती सेटिंग बंद केली. गेमलाही दम भरला की चित्रं ठरावीक वेगानेच काढ, जास्त उड्या मारू नको. पाच मिनिटांचं काम. "बसा," म्हणालो. गुरुजी आधी नको नको म्हणाले, मग बसले. बस दरीतून आपसूक वर आली होती. अख्खा घाट उतरले, एकदाही लपलप नाही. खाली गावाचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघायला लागलो.

मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे मोटारीचं काही नाही?" शुद्ध भाषा परत आली होती.

"नाई जी. मोटार चालू झाली की घर रिकामं होते. घर रिकामं झालं की तुमी बसता. एवढाच संबंध."

त्यांनी डोळे मिटले. "नोंदी बरोबर होत्या," ते पुटपुटले.

"उद्याच्या आत अर्ज वापस घ्या."

"घेतो. पण कारण काय लिहू?"

"लिहा, चूक झाली."

"कोणाची?"

मुख्याध्यापकाचा प्रश्न होता, उत्तर त्यांना ठाऊक होतं. मला राग आला. तिकडे भावाचा गहू पोटरीत आणि यांना आपली पाटी कोरी पाहिजे. तोंडावर आलं होतं, ते गिळलं. कारण त्या अर्जातलं पहिलं खोटं माझं होतं. गुरुजींनी निदान वहीत जे दिसलं ते लिहिलं होतं. मी काहीच न पाहता बोललो होतो.

गुरुवारी अर्ज मागे घेतलेला नव्हता. वीज कार्यालयाचे तरुण साहेब आले, बरोबर लाइनमन. घरात वासुदेव, दोघी बायका, आणि काही कारण नसलेली दहा-बारा माणसं, त्यात उठाबशावाले तिघेही. साहेबांनी वासुदेवला मोटार चालू करायला पाठवलं. मीटर लावलं, आकडा जागचा हलला नाही. पडद्यावर पेपर उघडा होता, अक्षरं दगडावर कोरल्यासारखी स्थिर. वासुदेव परत आला आणि दाराला टेकून उभा राहिला.

साहेबांनी अर्ज पुढे धरला. "तज्ज्ञ भगत कोण?"

"मी."

"तुम्ही काय पाहून सांगितलं हे?"

"काही नाई पाहालं, साहेब. सवयीनं म्हनलं. मोटारीचा काही दोष नाई. मॉनिटरमधी एक सेटिंग होती, ते मले तवा समजली नाई. आता काढली. माहं चुकलं."

माणसं हसली. उठाबशावाल्यांपैकी एक म्हणाला, "एवढ्या वर्साचा मेकॅनिक अन् सेटिंग समजली नाई?" पुन्हा हशा. माझे कान तापले. दुकानाच्या पाटीवर मी स्वतः रंगवून घेतलंय, 'अचूक निदान'.

साहेब मात्र हुशार. "पण मग लपलप मोटारीच्याच वेळेला का व्हायची? गुरुजी, तेव्हा तुम्ही काय करत होता?"

हा माझा प्रश्न होता. पहिल्याच दिवशी विचारला असता तर यातलं काहीच घडलं नसतं. काकू पदराशी चाळा करत होत्या. वासुदेव जमिनीकडे पाहत होता. गुरुजींनी सन्मानपत्रांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"काही नाही केलं," गुरुजी म्हणाले. "आपोआप झालं."

साहेबांनी 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असं लिहिलं, सही घेतली आणि गेले. माणसंही पांगली. वासुदेव मला फाटकापर्यंत सोडायला आला. मी गाडीला किक मारणार तोच त्याने हँडलवर हात ठेवला.

"भगतभाऊ, बसचं मालूम हाय मले."

मी किकवरचा पाय खाली घेतला.

"साऱ्या घराले मालूम हाय. हॉर्न वावरापर्यंत आयकू येते न. म्हनून त लाइन आली का आमी सारे निघतो. वहिनीचं काय काम हाय वावरात? गुडघे दुखतात तिचे. बांधावर बसून राह्यते चार वाजेपर्यंत. तेवढंच दादाले मोकळं."

"मंग सांगतलं काऊन नाई? माह्या दुकानात आले तवा बी नाई बोलले. मोटार गेली असती तुमची."

"मॉनिटरमधलं मले काय समजते? अन् गेली त गेली असती. इंजन भाड्यानं आनलं असतं, गव्हाले पानी कसंबी दिलं असतं." त्याने घराकडे पाहिलं. "दादाचा मान कुठून आनला असता?"

मला वाटत होतं, गुरुजींची लाज मी राखली. आत मी एकट्याने चार माणसांत मान खाली घातली, असा माझा तोरा होता. तो फाटकापाशी उतरला. मी खाली पाहिलं तर बादली होती.

"हे बी त्याच्यासाठीच," वासुदेव म्हणाला. "वहिनी येताना वाजवते. तेवढ्यात दादा चाक खाटीखाली टाकते."

आंजीत त्यानंतर बरेच दिवस माझं हसं झालं. कोणाचा दिवा गेला तरी म्हणायचे, भगतला बोलवा, तो व्होल्टेज सांगेल. मी तो शब्द सोडला. आता कळलं नाही तर कळलं नाही म्हणतो. चहा कमी मिळतो. वासुदेवचा गहू चांगला झाला आणि गुरुजींच्या मोहिमेला चौथं सन्मानपत्र मिळालं.

मागच्या महिन्यात काकूंचा टीव्ही पाहायला आंजीला गेलो होतो. दुपारचा एक वाजला होता, लाइन चालू, वावराकडून मोटारीचा आवाज. फाटकाशी बादली पालथी होती. मी ती उचलली आणि दोनदा जोरात वाजवली. आत काहीतरी घाईने फरशीवरून खाटेखाली सरकलं. मी सावकाश शंभरपर्यंत मोजले आणि मग दारापाशी गेलो.

"कोण? भगत का? ये, ये," आतून गुरुजींचा आवाज आला. "मी वाचतच बसलो होतो."